कुरणघाटचा पाणबुरूज

१

रविवारी सकाळी शरणप्पाची राजदूत आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायची. शुक्रवार पेठेतली ती गल्ली इतकी अरुंद, की मोटरसायकल आत घातली तर वळवायला जागा नाही. म्हणून तो तिथेच इंजिन चालू ठेवून उभा राहायचा. हॉर्न कधी वाजवायचा नाही. इंजिनाची धडधड ऐकून माझी बायको मीना डबा पिशवीत ठेवायची, मी मोजमापाची टेप, टॉर्च आणि कागदांची सुरळी घेऊन बाहेर पडायचो, आणि दिवस कलेपर्यंत आम्ही दोघं कुठल्या ना कुठल्या पडक्या गढीत असायचो. कितीतरी वर्षं असंच चाललं होतं.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. शरणप्पाचा फोटो स्टुडिओ होता. तो मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर अस्सल सोलापुरी. चौथीत आम्ही एका बाकावर बसायला लागलो, ते कधी उठलोच नव्हतो म्हणा. मोठ्या किल्ल्यांवर लिहिणारे पुष्कळ होते. आमच्या सपाट मुलखातल्या गढ्यांकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नव्हतं. म्हणून मी त्यांचे नकाशे काढायचो आणि तो फोटो काढायचा. लढाई कुठे जुंपली असेल, तोफ कुठे ठेवली असेल, भिंतीत रुतलेला गोळा कुठल्या बाजूने आला असेल, यावर आमचे वाद परतीच्या रस्त्यावर सोलापूर येईपर्यंत चालायचे. माझ्या घरी मीनाने आणि त्याच्या घरी बायकोने, काशम्माने, हे खूळ कधीच पत्करलं होतं.

त्या सुमारास उजनीचं धरण पुरं होत आलं होतं. भीमेकाठच्या गढ्या एकेक करून पाण्याखाली जायच्या होत्या. त्यामुळे आमची घाई वाढली होती.

२

कुरणघाटला आम्ही थंडीच्या दिवसांत गेलो. तिथे पूर्वी भीमेला उतार होता, फौजा तिथूनच नदी ओलांडायच्या, आणि त्या उतारावर नजर ठेवायला ही गढी बांधलेली. तिची लढाई त्या भागात सगळ्यांना तोंडपाठ होती. दक्षिणेकडून शत्रूची फौज आली, गढीतल्या शिबंदीने, म्हणजे राखणीच्या शिपायांनी, नदीकाठच्या पाणबुरजातून मारा करून उतार अडवून धरला, फौजेला नदी ओलांडता आली नाही. पण शिबंदीतला एकही माणूस जिवंत सापडला नाही. मी ही गोष्ट वर्गात मुलांना सांगायचो. गढी पाहिलेली नव्हती तरी सांगायचो.

गाव उठून माळावरच्या नव्या वस्तीत गेलं होतं. वस्तीतल्या पहिल्याच घरातल्या सारजाबाईंनी आम्हाला हाक मारून बसवलं आणि चहा दिला. त्यांचं सासर पिढ्यानपिढ्या गढीच्या आडोशाला नांदलेलं. गढीतलं होतं नव्हतं ते लाकूड, दारं, तुळया, सगळं काढून लोकांनी नव्या घरांना लावलं, असं त्या सांगत होत्या. स्वतःच्या घराचा दरवाजा त्यांनी कौतुकाने दाखवला. पाणबुरजाचं दार कुणी नेलं, असं शरणप्पाने सहज विचारलं, तर म्हणाल्या, त्याला दार त्यांच्या सासऱ्यांनीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. नुसता बोळ होता. पोरंसोरं त्यात लपाछपी खेळायची.

वस्तीवरून खाली आलो तेव्हा मी थोडा वेळ थांबलोच. मागच्या पावसाळ्यात अडवलेलं पाणी तसंच पसरून राहिलं होतं. जिथे ज्वारीची शेतं होती तिथे आता किनारा होता. लहान लहान लाटा ढेकळांवर येऊन फुटत होत्या. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, रत्नागिरीला. इथे तो आठवला. गढी त्या किनाऱ्यावर अर्धी पाण्यात पाय सोडून बसल्यासारखी होती, आणि तिचा पाणबुरूज सगळ्यात पुढे. नदीकडच्या अंगाला पाणी त्याच्या भिंतीला थेट टेकलं होतं.

३

पाणबुरजाचा वरचा भाग ढासळला होता, पण तळातली चौकी शाबूत होती. तिच्यात जायला भिंतीच्या जाडीतून तो बोळ. वाकून शिरावं लागे, आणि मध्येच काटकोनात वळण. त्या वळणामुळे बाहेरचा उजेड आत पोचत नसे. आत गोल खोली, वर घुमट, आणि छातीच्या उंचीवर भिंतीत पाच जंग्या, म्हणजे बंदुकीचा मारा करायच्या फटी. तीन जमिनीच्या बाजूला, दोन पाण्याच्या. त्यांतून उजेडाचे पाच पट्टे आत पडले होते आणि त्या उजेडात कागदावर रेघ दिसण्याइतपत चांगलं दिसत होतं.

मी टेप लावून पहिल्या जंगीचं माप घेतलं आणि पुन्हा घेतलं.

जंगी आतून रुंद असते आणि बाहेर निमुळती होत जाते. बंदूकवाल्याला आत उभं राहून बंदूक डावी-उजवी फिरवता आली पाहिजे आणि बाहेरच्या माणसाला मात्र बारीक फटच दिसली पाहिजे, हा त्यातला साधा हिशोब. इथे उलटं होतं. आत बोटभर फट, आणि बाहेर माणूस खांदा टेकवून उभा राहील एवढी रुंदी. बाकीच्या चारही तशाच. मी शरणप्पाला दाखवलं. त्याने प्रत्येक फटीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर हात फिरवला. तिथे चुन्यात खळगे होते, एकाला एक लागून, गाळणीसारखे.

"म्हंजे भाईर उभं राहून आत मारायचं," तो म्हणाला.

गवंड्याची चूक असेल, असं मी म्हणालो. किंवा जुन्या इमारतीची भिंत तशीच ठेवून नंतर तिच्याभोवती बुरूज रचला असेल. असं पुष्कळ ठिकाणी होतं. मग शरणप्पा बोळातून बाहेर जाऊन परत आला आणि त्याने सांगितलं की बोळाच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दगडात चौकोनी भोकं आहेत, अडसर घालायची. तीही बाहेरच्या अंगाला.

माझ्याकडे त्याचंही स्पष्टीकरण होतं. धान्याचं कोठार असेल. कैदखाना असेल. मी कागदावर 'कैदखाना' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. एवढ्याशा जागेवर बाहेरून पाच बंदुका रोखायला आत कोण कैदी असेल, हा प्रश्न मला सुचला होता. मी तो लिहिला नाही.

४

शरणप्पाला जंग्यांचा बाहेरून फोटो हवा होता. मी आतच थांबून उरलेली मापं घ्यायची, असं ठरलं. टॉर्च बोळाच्या तोंडाशी पिशवीत राहिला होता; त्याची गरजही नव्हती, ऐन दुपार होती. शरणप्पा वाकून बोळात शिरला आणि त्याच्या वहाणांचा आवाज वळणापलीकडे गेला.

मी भिंतीची जाडी मोजत होतो, तेव्हा जमिनीकडच्या पहिल्या जंगीतला उजेड गेला. शरणप्पा फटीसमोर उभा राहिला असणार. मी त्याला हाक मारून जरा सरक म्हणालो, म्हणजे मला आकडा वाचता येईल. तो सरकला नाही. मग दुसऱ्या जंगीतला उजेड गेला.

मी टेप गुंडाळायला लागलो. हाताला काहीतरी काम हवं होतं. एक माणूस दोन फटी कशा झाकेल? हात पसरून झाकेल. कॅमेऱ्याचं काळं कापड टाकलं असेल. एवढ्यात तिसरी गेली, आणि त्याच वेळी मला शरणप्पाचा आवाज ऐकू आला. तो लांबून, गढीच्या दरवाजाकडून ओरडून सांगत होता की रोल संपलाय, नवा घालतोय, थोडं थांब.

पाण्याकडच्या दोन फटी अजून उजळ होत्या. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्या बाजूला बाहेर पाय ठेवायला कपारसुद्धा नव्हती, भिंत सरळ पाण्यात उतरली होती. हे मी मघाशी स्वतः वाकून पाहिलं होतं.

चौथी गेली. ती एकदम गेली नाही. कडेपासून हळूहळू गेली, कुणीतरी तिच्यासमोर येऊन, खांदा टेकवून, नीट जागा घेऊन उभं राहावं तशी.

मग पाचवी.

५

डोळे मिटले काय नि उघडले काय, सारखंच होतं. मी जागचा हललो नाही. ढग आला असेल, असं स्वतःला सांगितलं. थंडीतलं निरभ्र आभाळ तासाभरापूर्वीच पाहिलं होतं, तरी सांगितलं.

आधी वास आला. घामाचा, मळक्या कापडाचा, पुष्कळ दिवस एका जागी कोंडलेल्या माणसांचा. मग श्वास. पहिल्यांदा मला तो माझाच वाटला, म्हणून मी माझा रोखून धरला. श्वास चालूच राहिला, आणि तो एकाचा नव्हता. माझ्या उजव्या दंडाला काहीतरी टेकलं. मी डावीकडे सरलो तर तिकडेही जागा नव्हती. माणसं इतकी दाटून उभी होती की पडायचं म्हटलं तरी पडता आलं नसतं. कुणीतरी मागून माझा सदरा मुठीत धरला होता. ती मूठ मला ओढत नव्हती, ढकलत नव्हती. गर्दीत सुटू नये म्हणून माणूस दुसऱ्याला धरतो, तशी धरली होती.

कुणी बोलत नव्हतं. ते ऐकत होते, हे मला कळत होतं. मीही ऐकायला लागलो. बाहेरून, पाचही बाजूंनी, दगडावर धातू टेकल्याचा बारीक आवाज आला.

मग त्या फटींत लाल ठिणग्या दिसल्या. एकेका फटीत एक. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात असते हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. ती वात फुंकर घातल्यावर कशी फुलते ते मी कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. कुणीतरी फुंकर घातली आणि एक ठिणगी फुलली. तिच्या उजेडात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा अर्धा गाल दिसला. त्याचे डोळे फटीकडे नव्हते. तो माझ्याकडे बघत होता.

मी खाली बसलो. पायांच्या, पोटऱ्यांच्या मधून, भिंत धरून धरून सरपटत गेलो आणि भिंत संपली तिथे बोळ लागला. वळण आलं. वळणापलीकडे उजेड असायला हवा होता. तिथे माझा तळहात लाकडावर आपटला.

जाड फळ्या होत्या, त्यांवर खिळ्यांची डोकी. मी ढकललं. मग थापा मारायला लागलो आणि शरणप्पाच्या नावाने हाका मारायला लागलो. माझ्या डोक्यावर, माझ्या दोन्ही बाजूंना, माझ्या हातांवरून पुढे येऊन आणखी तळहात त्या लाकडावर थापा मारत होते.

६

मग लाकूड नव्हतं. हाताला मोकळी हवा लागली, आणि त्या हवेत एक हात होता. त्याने माझं मनगट धरलं आणि ओढलं.

मी बाहेर मातीवर आलो. ऊन होतं, लाटा होत्या, पलीकडे एक बगळा उभा होता. शरणप्पा माझं मनगट सोडत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. बोळाच्या तोंडाशी फक्त दगड होते, दार कुठेही नव्हतं. मला पाणी पाजून, सामान गोळा करून, त्याने गाडी सुरू केली.

टेंभुर्णीला एका हॉटेलात चहा पुढे आल्यावर तो बोलला. रोल भरून तो बुरजाशी परत आला आणि पहिल्या जंगीला डोळा लावला. बाहेर त्याच्याशिवाय कुणी नव्हतं, हे त्याने दोनदा सांगितलं.

"आत माणसं उभी हुती," तो म्हणाला. "दाटीवाटीनं. समदी फटीकडं तोंड करून माझ्याकडं बगत हुती. त्यात तू कुटला, ते मला वळखू येईना."

मग काय केलंस, असं मी विचारलं.

"बोळात हात घातला. जो हात आला, तो धरून ओढला."

मी हसायचा प्रयत्न केला. म्हणालो, मग बरोबर हात आला की. तो चहाच्या कपाकडे बघत राहिला. त्याने हो म्हटलं नाही.

७

मी विचार करून एक उलगडा काढला. बंद जागा, कोंदट हवा, पाण्याकाठचा कुबट वायू. विहिरीत उतरलेली माणसं अशीच बेशुद्ध होतात, त्यांना भलतंसलतं दिसतं. शरणप्पा बाहेर होता, त्याला वायू कसा लागला, हे त्या उलगड्यात बसत नव्हतं. ते मी बाजूला ठेवलं.

मीनाला काही सांगितलं नाही. पण थोड्या दिवसांनी तिने विचारलं की मी हल्ली भिंतीला पाठ लावून बसून का झोपतो. मला ते माहीतच नव्हतं. वर्गात मी खिडक्या सताड उघडायला लावायचो, आणि कुणी खिडकीसमोर येऊन उभं राहिलं की माझं वाक्य अर्ध्यात तुटायचं. बाजारात गर्दी झाली की मी पुढच्या माणसाचा सदरा धरतो, असं एकदा एका अनोळखी माणसाने रागाने सांगितलं तेव्हा कळलं.

रविवार बंद झाले. मी स्टुडिओत गेलो तर शरणप्पाने मला एक फोटो दाखवला. जंगीला डोळा लावायच्या आधी त्याने फटीला कॅमेऱ्याचं भिंग लावून आतला एक फोटो घेतला होता, फ्लॅश मारून. फोटोत खोली स्वच्छ आली होती. समोरची भिंत, खळगे, जमिनीवर माझी टेप. माणूस एकही नव्हता.

"तूबी न्हाईस," तो म्हणाला.

मी जंगीच्या खाली बसलो असेन, मी कोनात आलो नसेन, असं मी समजावलं. फ्लॅशचा उजेड मला दिसला नव्हता, हे मात्र माझ्या मनात आलं.

त्यानंतर तो मला जुन्या गोष्टी विचारायला लागला. वरवर गप्पांसारख्या. पाचवीत आपण कुणाच्या शेतातल्या शेंगा खाल्ल्या, माझा बाप वारला तेव्हा तू मला काय म्हणाला होतास. मी सगळं बरोबर सांगत होतो. प्रत्येक बरोबर उत्तराने त्याचा चेहरा आणखी पडत होता. मी चिडून म्हणालो, अरे, मीच आहे, त्रिंबक. तो मान हलवून म्हणाला, व्हय की, तसं न्हाई. आणि त्या दिवसापासून तो मला 'तुमी' म्हणायला लागला. लहानपणापासून अरे-तुरे करणारा माणूस, मी दुकानात शिरलो की उठून उभा राहायचा, बसा म्हणायचा, आणि माझ्या हातांकडे बघत राहायचा.

काशम्मा मला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, यांना झोप नाही. पाणी किती चढलं ते पेपरात बघतात, आणि कुणीतरी आत राहिलंय म्हणतात. कोण, ते सांगत नाहीत.

८

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस भीमेला पाणी आलं. आमच्याकडे आभाळ कोरडंच होतं. पाऊस वर, मावळात पडत होता, आणि पाणी खाली येऊन धरणात चढत होतं. एका सकाळी शाळेत निघालो असताना काशम्मा आमच्या दारात आली. शरणप्पा पहाटेच गाडी घेऊन गेला होता. दुकानाची किल्ली तिच्या उशाशी ठेवून गेला होता.

मी एसटीने टेंभुर्णीला आणि तिथून एका ट्रॅक्टरवर बसून कुरणघाटला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. राजदूत सारजाबाईंच्या अंगणात उभी होती. तो चहा न घेताच खाली गेला, असं त्या म्हणाल्या. पाण्यात कशाला जाता असं त्यांनी विचारलं तर तो म्हणाला, दोस्ताला घेऊन येतो.

खाली किनारा कितीतरी वर सरकला होता. गढीच्या भिंतींना कमरेच्या वर पाणी लागलं होतं. कोंडीबा नावाचा मासे धरणारा होता, त्याच्या होडीतून मी पाणबुरजाकडे गेलो. बोळाचं तोंड वरचं वीतभर उघडं होतं. जंग्यांना पाणी लागायला थोडंच बाकी होतं. बोळाच्या वरच्या दगडावर शरणप्पाच्या वहाणा ठेवलेल्या होत्या, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा जोडीने.

कोंडीबाने होडी भिंतीला धरून ठेवली. मी पाण्यात उतरलो, दगडाला धरून बोळाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि हाक मारली.

"आलो, आलो," आतून शरणप्पा म्हणाला. आवाज अगदी रोजचा होता. दुकानाच्या मागच्या खोलीतून गिऱ्हाइकाला द्यावा तसा. "त्रिंबक हितंच कुटंतरी हाय. लई गर्दी हाय, वळखू येईना."

मी त्याला सांगितलं की मी बाहेर आहे. पाणी चढतंय, जसा असशील तसा बाहेर ये, हा माझा हात घे. मी खांद्यापर्यंत हात आत घातला. माझ्या बोटांना थंड पाणी आणि मोकळी हवा लागत होती, दुसरं काही नाही.

मग त्याने विचारलं, "तुमी कोण बोलताय?"

मी माझं नाव सांगितलं.

तेव्हा आतून, त्याच्याही मागून, खोल अंधारातून कुणीतरी त्याला हाक मारली. "शरणप्पा, मी इकडं आहे रे. इकडं." दमलेला आवाज होता. पुष्कळ दिवस हाका मारून बसलेला. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. मीनाने ओळखला असता, माझ्या वर्गातल्या कुठल्याही पोराने ओळखला असता.

"हाय का तू?" शरणप्पा म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडल्याचं मला बाहेर ऐकू आलं. "थांब. हलू नगंस. येतो तिकडंच."

पाण्यातून चालल्याचा आवाज आत आत गेला. मी हाका मारत राहिलो. पाणी आधी माझ्या हनुवटीला आणि मग बोळाच्या वरच्या दगडाला लागलं, तेव्हा कोंडीबाने मला काखेत धरून होडीत ओढलं. मला सोडून दे म्हणून मी त्याच्याशी झटलो. तो दांडगा होता, त्याने सोडलं नाही. जंग्यांतून बुडबुडे आले. पाचही जंग्यांतून, आणि पुष्कळ वेळ येत राहिले.

किनाऱ्याला लागल्यावर मी कोंडीबाला विचारलं की त्याने काय ऐकलं. तो वल्हं पुसत होता.

"तुमचाच आवाज की मास्तर," तो म्हणाला. "मला तर समदा तुमचाच आवाज आला."

९

पोलीस आले, पट्टीचे पोहणारे आणले, काही सापडलं नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं तेव्हा पाणबुरूज ढासळून दगडांची रास झाली होती. लोकांनी ते दगड उपसून पाहिले. त्यांत काही नव्हतं.

पण ते पुढचं. त्या दिवशी मी शेवटच्या एसटीने परत येऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरला उतरलो आणि घरी न जाता आधी शरणप्पाच्या घरी गेलो. कपडे अंगावरच वाळले होते, त्यांना गाळाचा वास येत होता. कोंडीबाने उचलून दिलेल्या त्याच्या वहाणा पिशवीत होत्या.

काशम्माने दार उघडलं. माझ्यामागे तिने गल्लीत पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं, आणि तिला कळलं. ती रडली नाही. कसं झालं, एवढंच तिने विचारलं. मी पाण्याचं सांगितलं, बोळाचं सांगितलं, मी हाका मारल्या पण तो आला नाही असं सांगितलं. तो कुणाला तरी बाहेर काढायला आत गेला होता, असं म्हणालो.

"कुणाला?" ती म्हणाली.

एवढी वर्षं त्या उंबऱ्यावर मी न विचारता चप्पल काढून आत गेलो होतो. तिच्या हातची शेंगाचटणी खाल्ली होती. ती मला भावजी म्हणायची. आता ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, मग माझ्या हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. गर्दीत चुकलेलं माणूस शोधताना बघतात, तसं सावकाश, एकेक खूण पटवून.

मी म्हणालो, "वहिनी, मी त्रिंबक."

तिने पिशवी घेतली. एक पाऊल मागे गेली. आणि दार अगदी हळू, आवाज होऊ न देता लोटून घेतलं. कडीचा आवाज मात्र झाला. मग दारापलीकडे ती उभी आहे हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं, आणि मी बाहेर उभा आहे हे तिलाही कळत असावं, कारण बराच वेळ आम्ही दोघंही हललो नाही.